वीतभर पाण्यावरचा संसार

हिवाळ्याच्या दिवसांत उजनी जलाशयाच्या काठी रोहित पक्षी, म्हणजेच फ्लेमिंगो, पाहण्यासाठी मोठी गर्दी लोटते. पुणे-सोलापूर मार्गावरील भिगवण हे गाव त्यामुळे सर्वदूर परिचित झाले आहे. दुर्बिणी त्या गुलाबी थव्यांवर रोखलेल्या असतात, तेव्हा अलीकडच्या उथळ पाण्यात काळ्या पायांचा एक पांढराशुभ्र, उंच पक्षी मान खाली घालून आपल्या कामात गढलेला असतो. पुष्कळ लोक त्याला बगळा समजून नजर पुढे नेतात. त्याने मान वर केली की मात्र संशय फिटतो. त्याची लांब काळी चोच टोकाशी रुंद आणि चपटी झालेली असते, अगदी स्वयंपाकघरातील पळीसारखी.

या चोचीवरूनच त्याला मराठीत ‘चमचा’ किंवा ‘चमच्या’ म्हणतात. ग्रांथिक भाषेत त्याचे नाव ‘दर्विमुख’. दर्वी म्हणजे पळी. आजच्या बोलीत ‘चमचा’ या शब्दाला जो उपहासाचा रंग चढला आहे, त्याचा या मितभाषी आणि कष्टाळू पक्ष्याशी काहीही संबंध नाही.

जगात चमच्याच्या एकंदर सहा जाती आहेत. त्यांपैकी पाच पांढऱ्या असून अमेरिका खंडात आढळणारी सहावी जात तेवढी गुलाबी असते. भारतात आढळणारी जात युरोपपासून चीनपर्यंत पसरलेली आहे. आपल्याकडील काही चमचे बारमाही रहिवासी असतात, तर काही हिवाळी पाहुणे म्हणून येतात. बगळ्याशी त्याचे दिसणे जुळत असले तरी त्याचे खरे भाऊबंद म्हणजे शराटी पक्षी. दोघांचे कुल एकच. उडताना हा भेद सहज लक्षात येतो. बगळा मान आखडून उडतो, तर चमचा मान आणि पाय दोन्ही सरळ ताणून उडतो.

स्पर्शावर चालणारा चरितार्थ

बगळ्याची शिकार नजरेवर चालते. तो निश्चल उभा राहून पाण्यात टक लावतो आणि मासा टप्प्यात आला की चोच मारतो. चमच्याची रीत अगदी निराळी आहे. तो चोच किंचित उघडी ठेवून पाण्यात बुडवतो आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अशी अर्धवर्तुळात फिरवत पुढे चालत राहतो. शेतकरी विळ्याने गवत कापत पुढे सरकतो, तशी ती लय दिसते. चोचीच्या रुंद टोकाच्या आतील बाजूस स्पर्श जाणणारी अतिशय संवेदनशील रचना असते. एखादा लहान मासा, कोळंबी, बेडकाचे पिल्लू किंवा पाणकिडा त्या टोकाला लागताच चोच क्षणार्धात मिटते. मग तो मान उंचावून भक्ष्य घशाकडे सरकवतो आणि पुन्हा कामाला लागतो.

या पद्धतीचे फायदे उघड आहेत. पाणी गढूळ असले तरी त्याचे अडत नाही. पहाटेच्या अंधुक प्रकाशात, संध्याकाळी, किंबहुना रात्रीच्या काळोखातही तो चरू शकतो. त्याच्या नाकपुड्या चोचीच्या मुळाशी असल्यामुळे टोक पाण्यात असतानाही श्वास चालू राहतो. पुष्कळदा पाच-दहा चमचे एका ओळीत चालताना दिसतात. एकाच्या पावलांनी दचकलेला मासा शेजाऱ्याच्या चोचीत सापडतो. अशा भागीदारीत सर्वांचाच लाभ होतो.

पण याच पद्धतीने त्याच्या जीवनाला एक कठोर मर्यादाही घालून दिली आहे. त्याला पोहत शिकार करता येत नाही, किंवा खंड्यासारखी बुडीही मारता येत नाही. पाय तळाला टेकलेले हवेत आणि चोच चिखलाजवळच्या पाण्यापर्यंत पोहोचायला हवी. म्हणून त्याला वीत-दीड वीत खोलीचे पाणी लागते. पाणी गुडघाभर वा कमरेइतके झाले की तळ त्याच्या आवाक्याबाहेर जातो, आणि पाणी आटले की मासेच उरत नाहीत. भरलेला तलाव आणि कोरडा तलाव ही दोन्ही दृश्ये त्याच्या दृष्टीने सारखीच, म्हणजे उपासमारीची. त्याचा सारा संसार या दोहोंमधल्या अरुंद पट्ट्यावर उभा आहे.

घरटे आणि पिल्ले

वीण मुख्यतः पाऊसपाण्यावर ठरते. उत्तर भारतात ती साधारणतः पावसाळ्यात होते. दक्षिणेत तिचा काळ पुढे सरकतो. राजस्थानातील भरतपूर, तमिळनाडूतील वेदांतंगळ आणि कर्नाटकातील रंगनतिट्टू ही त्याच्या विणीची प्रसिद्ध ठिकाणे. पाण्यात उभ्या असलेल्या झाडांवर करकोचे, बगळे, पाणकावळे यांच्या शेजारात काटक्यांचे घरटे बांधले जाते. विणीच्या हंगामात त्याच्या डोक्यामागे तुरा येतो आणि छातीवर पिवळसर छटा उमटते. मादी बहुधा तीन-चार अंडी घालते. साडेतीन आठवड्यांच्या आसपास नर आणि मादी ती आळीपाळीने उबवतात आणि पिल्लांना भरवण्याचे कामही दोघे मिळून करतात.

विशेष म्हणजे पिल्लू जन्मतः चमचा नसतेच. त्याची चोच आखूड, मऊ आणि साधी असते. पुढे वाढीबरोबर ती लांबत जाते आणि टोकाशी चपटी होते. साहजिकच सुरुवातीचे कित्येक आठवडे पिल्ले सर्वस्वी आईबापांवर अवलंबून असतात. या काळात घरट्यापासून परवडेल इतक्या अंतरावर उथळ पाणी नसेल, तर घरटे कितीही सुरक्षित असले तरी पिल्ले जगत नाहीत.

जमाखर्चात न बसणारी जमीन

बँकेच्या नोकरीत शेतजमिनीच्या तारणाची कागदपत्रे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. सात-बाराच्या उताऱ्यावर लागवडीयोग्य क्षेत्राखाली ‘पोटखराब’ अशी नोंद असते. ओढ्याकाठची दलदल, पाणी साचणारा खोलगट भाग, खडकाळ तुकडा हे सर्व त्या नोंदीत जाते. पीक नाही म्हणून मूल्यही नगण्य, असा व्यवहाराचा सरळ हिशेब असतो आणि व्यवहारापुरता तो बरोबरही आहे. चमच्यासारख्या पक्ष्याची सारी मालमत्ता मात्र या नगण्य रकान्यातच मोडते.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे याचे उत्तम उदाहरण आहे. कांद्याच्या व्यापारामुळे आपल्यापैकी अनेकांच्या परिचयाच्या असलेल्या लासलगावचा तालुका निफाड. त्याच तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, सिंचनासाठी दगडी बंधारा बांधण्यात आला. वर्षानुवर्षे नद्यांनी आणलेला गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तूट, कारण तेवढी साठवण घटते. पण त्या गाळानेच तेथे उथळ डबकी, लहान बेटे आणि पाणवनस्पतींचे रान निर्माण केले, आणि पक्ष्यांनी त्या जागेचा ताबा घेतला. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, त्याचा समावेश जाहीर झाला. असा मान मिळालेली ती महाराष्ट्रातील पहिली जागा होय. हिवाळ्यात तेथे चमचे हमखास दिसतात.

उजनीचे वर्तुळ

उजनीची कथा याहून गुंतागुंतीची आहे. भीमेवरील या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असून त्यातील निम्म्याहून अधिक, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा आहे. म्हणून उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपला की वर्तमानपत्रांत ‘उजनी उणे’ अशा बातम्या येतात. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. सोलापूरकरांसाठी ती चिंतेची बातमी असते. पक्ष्यांच्या बाजूने पाहता, पाणी जसजसे हळूहळू मागे सरते तसतसा उथळ पाण्याचा नवा काठ रोज उघडा पडतो आणि मागे राहिलेल्या डबक्यांत मासे कोंडतात. चमचा या सरकत्या काठामागोमाग चालत राहतो.

परंतु त्याच उघड्या पडलेल्या जमिनीवर माणसाचाही हक्क आहे. तिला ‘गाळपेर’ म्हणतात. धरणात ज्यांची गावे आणि शेते बुडाली, त्यांच्यासाठी गाळपेरीचे एखादे पीक हा मोठा आधार असतो. पाण्याच्या अगदी कडेपर्यंत नांगर फिरतो, पंप बसतात, फवारणी होते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही. मात्र उथळ काठावर केवळ गाळपेरीचाच भार नाही. बोटींनी होणाऱ्या बेकायदा वाळूउपशामुळे उतरता काठ मोडून खोल खड्डे पडतात. अतिशय बारीक आसाच्या जाळ्यांत मत्स्यबीज ओढले जाते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून अखेर याच जलाशयात येऊन थांबते.

येथे कायद्याची एक बाब समजून घेतली पाहिजे. पाणथळ जागांच्या संवर्धनासाठी केंद्र सरकारचे २०१७ चे नियम आहेत. त्यांतील व्याख्येतून सिंचनासाठी खास बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. नांदूर मधमेश्वरला अभयारण्याचे आणि रामसरचे छत्र आहे. उजनीच्या विस्तीर्ण काठाला तसे छत्र नाही. तेथील पक्षी स्थानिक लोकांच्या समजुतीवर आणि सद्भावनेवर जगतात.

नागरिकांनी विकत घेतलेले तळे

नेदरलँडमध्ये शंभर वर्षांपूर्वी असाच प्रश्न उभा राहिला होता. ॲमस्टरडॅमजवळ नार्डरमेर नावाचे उथळ तळे आहे. तेथे चमच्यांची मोठी वसाहत होती. शहराचा कचरा टाकून हे ‘निरुपयोगी’ तळे बुजवावे, असा प्रस्ताव १९०४ च्या सुमारास नगरपालिकेपुढे आला. याक थायसे नावाच्या शिक्षकाने त्याविरुद्ध लेखणी चालवली. प्रस्ताव बारगळला, पण पुढे काय, हा प्रश्न उरलाच. तेव्हा १९०५ मध्ये निसर्गरक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली आणि तिने पैसा उभा करून १९०६ मध्ये ते तळे चक्क विकत घेतले. त्या संस्थेच्या मालकीची ही पहिली जागा. आज तिच्याकडे देशभर अशा शेकडो जागा आहेत.

तळे वाचले म्हणून सारे प्रश्न सुटले, असे झाले नाही. १९६० च्या दशकात कीटकनाशकांचे विष पाण्यात आणि तेथून माशांत उतरले. १९६८ च्या सुमारास साऱ्या देशात चमच्याच्या जेमतेम १५० जोड्या उरल्या. विषारी द्रव्यांवर नियंत्रण आल्यावर त्या हळूहळू वाढल्या आणि आज त्यांची संख्या हजारोंत आहे. शेजारच्या ब्रिटनमध्ये तर तीनशेहून अधिक वर्षे चमच्याची वसाहत नव्हती. २०१० मध्ये नॉरफोकच्या किनाऱ्यावर होल्कम येथे सहा जोड्यांनी पुन्हा घरटी केली. पाणी उथळ आणि निर्धोक राहिले, तर हा पक्षी पिढ्यांनंतरही परत येतो, असा याचा अर्थ.

आपल्या वाचकांपैकी अनेक कुटुंबांचे व्यवहार इंदापूर, बारामती, करमाळा, निफाड या भागांत आहेत. कोणाची शेती आहे, कोणाचे गोदाम वा कारखाना आहे, कोणी खते-औषधांचा व्यापार करतो. जागेत नैसर्गिक पाणी साचणारा खोलगट भाग असेल, तर तो भरावाने बुजवण्यापूर्वी एखादा पावसाळा-हिवाळा तेथे कोण उतरते ते पाहावे. काठालगत शेती करणाऱ्या गिऱ्हाइकाला औषध विकताना, पाण्यापासून किती अंतरावर फवारावे, हेही सांगावे. दुकानदाराचा शब्द शेतकरी मानतो, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सहकुटुंब भिगवणजवळच्या कुंभारगावला किंवा नांदूर मधमेश्वरला अवश्य जावे. कुंभारगावातील मासेमारी करणारी कुटुंबेच आता नावेतून पक्षी दाखवतात. त्यांच्या उत्पन्नाचा एक भाग या पक्ष्यांवर अवलंबून आहे. छायाचित्रासाठी थवा उडवायला मात्र नावाड्याला सांगू नये. पहाटे लवकर पोहोचावे, नाव दूर थांबवावी आणि मुलांच्या हाती दुर्बीण द्यावी. रोहित पाहून झाले की काठाजवळचे पांढरे पक्षी नीट न्याहाळावेत. त्यांतील एखादा मान डोलवत, पाणी चाळत चालताना दिसेल. त्याच्या पायांवर पाणी कुठपर्यंत पोहोचले आहे, तेवढे मुलांना दाखवून द्यावे.