तीन सूत

वाईतल्या एका जुन्या वाड्यात निवृत्त शिक्षिका घराचा गिलावा स्वतः दुरुस्त करतात, असं ऐकून मी गेले. काकू भिंतीला कान लावून उभ्या होत्या. थापीच्या मुठीने ठोकायचं, ऐकायचं, खडूने खूण करायची. "इथे टणक आहे. आता इथे ऐक, बद वाजतंय." मला आधी दोन्ही सारखेच वाटले. फरक कळला आणि मग मीच बोटं वाजवत खोलीभर फिरले.

खुणेच्या आतला गिलावा छिन्नीने उतरवला, धूळ झाडली, विटा भिजवल्या. त्यात विशेष काही नाही. खरी गोची खालच्या दोन हात पट्ट्याची. मागे ओल आली म्हणून तिथे कुणीतरी सिमेंट फासलं होतं. मातीत बांधलेल्या विटांमधली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. सिमेंटने तिची वाटच बुजवली. मग ती वर चढली. पट्ट्याच्या वर हातभर लोणा फुटलेला, पोपडे सुटलेले. ठोकावं तिथे बद.

बादलीत विरवलेला चुना पाण्याखाली मुरत होता. रबरी मोजे घातल्याशिवाय काकू त्याला हात लावत नाहीत. चुना कातडी खातो. एक भाग चुना, तीन भाग चाळलेली वाळू, वर थोडा कातरलेला ताग.

"एका वेळी तीन सूत. त्याहून जाड नाही."

म्हणजे जेमतेम सेंटिमीटर. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो. थर जाड झाला की आतला माल कच्चा राहतो आणि वरून तडे जातात.

"पण खड्डा तर चांगला इंचभर आहे," मी म्हटलं.

"मग तीन थर. तीन-तीन सूत."

प्रत्येक थरावर खरवडून रेघा ओढायच्या, ओलं गोणपाट टांगायचं, पुढच्या थराआधी काही दिवस जाऊ द्यायचे. नोकरी सांभाळून हे जमणं कठीण, हे कबूल. तरी सगळी भिंत सोलून दोन दिवसांत सिमेंट मारून देतो म्हणणाऱ्या ठेकेदाराला काकूंनी चहा पाजून वाटेला लावलं, ते मला पटलं.

भाच्याने हौसेने प्लास्टिक पेंटची मोठी बादली आणून ठेवली आहे. तो रंग लावला तर ओल पुन्हा कोंडणार, म्हणून वर चुन्याची सफेदीच होणार. बादली मात्र कामी येते. वरच्या कोपऱ्यापर्यंत हात पोचायला काकू तिच्यावरच उभ्या राहतात.