थेंबाचा हिशेब

मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए. झालो तो मराठी घेऊन; रसायनशास्त्राशी माझा संबंध शाळा सुटली तेव्हाच सुटला. तरी आज रसायनशास्त्राबद्दलच चार शब्द बोलणार आहे, आणि तेही एका थेंबापुरते. मधुमेहाच्या कृपेने हा थेंब माझ्या घरी रोज सकाळी चहाच्या आधी हजर असतो. श्रोत्यांपैकी पुष्कळांच्या घरीही असेल.

बोट टोचायचं, थेंब काढायचा, पट्टीच्या टोकाला टेकवायचा. काही सेकंदांत यंत्रावर आकडा. पण ती पट्टी कधी निरखून बघितली आहे? आपण तिच्यात रक्त ओतत नाही, ढकलत नाही. ती स्वतःच ते ओढून घेते. तिच्या टोकाशी अतिशय अरुंद फट असते आणि अरुंद फटीत द्रव आपोआप शिरतो. समईची वात तेल वर ओढते, कानात खोवायचा फाया अत्तर पिऊन घेतो, ते याच न्यायाने. शास्त्रात याला केशाकर्षण म्हणतात. किती गोड शब्द! आत एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाट पाहत असतं. ते रक्तातल्या साखरेवर काम करतं, त्यातून अगदी क्षीण वीजप्रवाह निर्माण होतो आणि यंत्र तो मोजतं. साखर जास्त, तर प्रवाह जास्त. विकर आणि विजेचा अग्र यांची सांगड घालण्याची मूळ कल्पना अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ साली मांडली.

माझा भाचा लॅबमध्ये काम करतो. तो मला बजावतो, "मामू, आंबा चिरून तसंच बोट टोचू नका. हात धुवा, कोरडे करा. आणि बोट पिळू नका." त्याचं खरं आहे. अशा पट्टीला अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरतं. मायक्रोलिटर म्हणजे किती? एक मिलिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा ठोकळा. ड्रॉपरमधून पडणाऱ्या एका थेंबात असे पन्नासएक मायक्रोलिटर मावतात. इतक्या थोडक्या मालात आंब्याच्या रसाचा पुसट अंशसुद्धा आकडा चढवतो. आणि पिळलेल्या बोटातून रक्ताबरोबर उतींमधलं पाणी येतं, ते रक्त पातळ करतं.

एवढ्याशा द्रवाला खेळवण्याच्या विद्येला मायक्रोफ्लुइडिक्स असं भारदस्त नाव आहे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात सिबा-गायगी कंपनीत काम करणाऱ्या आंद्रेआस मान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली एक प्रस्ताव मांडला: नमुना घेणं, मिसळणं, घटक वेगळे करणं, मोजणं, ही प्रयोगशाळेतली सगळी कामं एका लहानशा उपकरणात का करू नयेत? मग संगणकाच्या चिप घडवण्याची तंत्रं उसनी घेऊन काचेत आणि सिलिकॉनमध्ये केसाच्या जाडीचे पाट कोरले गेले. १९९८च्या सुमारास हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने हेच पाट रबरासारख्या पारदर्शक पदार्थात साच्यातून ओतून काढायची सोपी रीत रूढ केली. २००७ साली त्यांनी साधा कागदच वापरला. कागदावर पाणी न शोषणाऱ्या रेघा आखल्या, की मधल्या वाटेने नमुना आपला आपण चालत जातो. पंप नको, वीज नको.

मला खरी भुरळ पडली ती पुढच्या गोष्टीची. चहात दूध घातलं की ते भोवरे करत पसरतं. केसाएवढ्या पाटात असं होतच नाही. दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते न मिसळता समांतर वाहत राहतात. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ साली मँचेस्टरमध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून दाखवलं होतं, की संथ प्रवाहात ती धार सरळ रेघेसारखी राहते आणि वेग वाढला की विस्कटते. पाट जितका अरुंद, तितकी विस्कटण्याची शक्यता कमी. मग मिसळायचं कसं? कणांनी आपापलं भटकत पलीकडे जायचं, एवढाच मार्ग उरतो. साखरेसारख्या लहान कणाला असं भटकत एक सेंटिमीटर जायला दिवस लागतो, सेंटिमीटरच्या शंभराव्या भागाला मात्र दहाएक सेकंदच. अंतर शंभर पट कमी, तर वेळ दहा हजार पट कमी. तेवढाही धीर नसेल त्यांच्यासाठी २००२ साली पाटाच्या तळाशी माशाच्या काट्यांसारखे तिरके चर कोरण्याची युक्ती निघाली. चरांमुळे द्रवाला पीळ पडतो आणि तो स्वतःवरच दुमडत जातो.

अडचणीही आहेत. उघडा सूक्ष्म थेंब बघता बघता सुकतो. हवेचा एक बुडबुडा अख्खा पाट अडवून बसतो. त्यावर एक उपाय म्हणजे नमुन्याचे तेलात थेंब पाडायचे. प्रत्येक थेंब स्वतंत्र भांडं होतो. वीस मायक्रोलिटर नमुन्याचे वीस हजार थेंब करून प्रत्येकाला विचारता येतं, तुझ्यात अमुक जनुक आहे का? मग होकारांची शिरगणती.

आपल्या शेजारचं उदाहरण सांगतो. गोव्याच्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट हे क्षयरोग तपासणारं यंत्र बॅटरीवर चालतं. थुंकीतून वेगळ्या केलेल्या डीएनएच्या द्रावणातले सहा मायक्रोलिटर चिपवर सोडायचे, आणि तासाभरात उत्तर. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली या तपासणीची शिफारस केली. जिल्ह्याच्या गावी खेटे घालणाऱ्या रोग्याला तो तास किती मोलाचा, हे मी सांगायला नको.

पण थेंबावर फार भार टाकणारेही भेटतात. एलिझाबेथ होम्स या तरुणीने २००३ साली अमेरिकेत थेरानॉस कंपनी काढली. बोटातल्या दोनचार थेंबांत शेकडो तपासण्या, असा तिचा दावा. २०१५ साली वॉल स्ट्रीट जर्नलने बिंग फोडलं: बहुतेक तपासण्या बाजारातल्या नेहमीच्या यंत्रांवरच होत होत्या. २०१८ साली कंपनी बंद झाली, २०२२ साली गुंतवणूकदारांच्या फसवणुकीबद्दल होम्सला शिक्षा झाली. लबाडी तर होतीच. पण लबाडी नसती तरी गणित आडवं आलं असतं. २०१५ सालीच राइस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एकाच बोटाचे लागोपाठचे थेंब तपासले. हिमोग्लोबिन आणि पेशींचे आकडे थेंबागणिक बदलत होते. शिरेतल्या रक्ताइतका भरवसा यायला सहा ते नऊ थेंबांची सरासरी काढावी लागली.

शिवाय जे शोधायचं ते थेंबात असायला तर हवं! रक्तात जंतुसंसर्ग झाला आणि एका मिलिलिटरमध्ये दहा जंतू आहेत असं धरा. मग थेंबात सरासरी अर्धा जंतू, म्हणजे दहापैकी सहा थेंबांत एकही नाही. चिप कितीही हुशार असो, ती रोग्याला निरोगी ठरवणार. म्हणूनच अशा वेळी डॉक्टर मोठ्यांच्या हातातून एका बाटलीला आठ-दहा मिलिलिटर रक्त काढतात. नातेवाईक कुरकुरतात, "एवढं कशाला?" त्यांना हा हिशेब सांगायला हवा.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. ई. कोलाय हा जंतू शंभर मिलिलिटरमध्ये एकही दिसता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. शंभर मिलिलिटर म्हणजे दोन हजार थेंब. त्यातला एक थेंब स्वच्छ निघाला म्हणून विहीर स्वच्छ होत नाही. प्रयोगशाळेत सगळं पाणी बारीक चाळणीसारख्या पडद्यातून गाळतात, पडद्यावर अडकलेले जंतू वाढू देतात आणि दुसऱ्या दिवशी ठिपके मोजतात. चिपवाल्यांनाही आधी हेच गाळण्याचं काम करावं लागतं. गाळून उरलेला ऐवज थेंबभर झाला, की मग त्यांची विद्या सुरू होते.