कळलावी घरात लावावी का?

गौरी येण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत प्रभादेवीहून दादरच्या फुलबाजाराकडे चालत गेले, की ठाणे-पालघरकडच्या बायका पदपथावर तेरड्याच्या जुड्या मांडून बसलेल्या दिसतात. त्या हिरव्या-गुलाबी गर्दीत मधूनच एखादे फूल पेटल्यासारखे दिसते. पाकळ्या सहा, सगळ्या उलट्या वळून आभाळाकडे उभ्या राहिलेल्या, कडा कुरळ्या, बुडाशी पिवळा रंग आणि टोकाला लालभडक. हीच कळलावी. कुणी तिला अग्निशिखा म्हणतात, कुणी खड्यानाग, आणि कुठे कुठे ‘गौरीचे हात’ असेही गोड नाव आहे. आमच्या हिंदू शेजारणी ती गौरीसाठी नेतात. पण सण झाला की तीच शेजारीण सांगेल, ‘कुंडीत नका हो लावू, घरात भांडणे लागतात.’

आणि हे फक्त त्यांच्याच घरी म्हटले जाते असे नाही. कोकणातल्या आपल्या मुस्लिम घरांतही नानी-दादी हेच सांगत आल्या. कळ लावणे म्हणजे एकाचे दुसऱ्याला सांगून भांडण पेटवणे. नावातच कळ, मग दारात कशाला? कुणाच्या अंगणात चुकून उगवली तर उपटून फेकायची आणि वर सासू-सुनांच्या वादाचे खापरही तिच्यावर फोडायचे.

आम्हाला यातली गंमत अशी वाटते, की लोक कळलावीच्या भांडणाला घाबरतात आणि तिच्या विषाला घाबरत नाहीत. भांडणाचा भाग तर आपल्यासाठी सोपा आहे. बदशकुनी इस्लामला मान्य नाही, पैगंबर (स.) यांनी अपशकुनाची कल्पनाच नाकारली. पक्षी आडवा गेला, मांजर आडवे गेले, वेल दारात आली, यांपैकी कशानेही घरातला सलोखा बिघडत नाही. तो बिघडवायला माणसे पुरेशी आहेत. विषाची गोष्ट मात्र शकुनाची नाही. ती डॉक्टरांच्या पुस्तकातली आहे आणि ती प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

मुळात हे नाव भांडणावरून पडलेलेच नाही. ही कळ म्हणजे बाळंतपणाची कळ. जुन्या वैद्यकात या वेलीच्या कंदाचा लेप बाळंतिणीच्या बेंबीवर किंवा तळपायांवर लावून प्रसूती लवकर होईल अशी आशा धरत. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, कारण कंद नांगरासारखा वाकडा असतो. तिचे दुसरे संस्कृत नाव गर्भघातिनी आहे, आणि त्याचा अर्थ वेगळा सांगायची गरज नाही. खेड्यापाड्यांत सुईणींच्या हाती हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या राहिले. रुग्णालय दोन डोंगर पलीकडे होते त्या काळी त्यांनी जे हाताशी होते ते वापरले, त्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण आज कुणी ‘गावठी उपाय’ म्हणून हा कंद उगाळून पोटात द्यायला सांगत असेल, कळा येण्यासाठी असो की नको असलेला गर्भ पाडण्यासाठी, तर तिथून उठून यावे. आई आणि बाळ दोघांचाही जीव जाऊ शकतो.

कारण असे. कळलावीच्या कंदात, बियांत, पानांत, थोडक्यात सगळ्या अंगात कोल्चिसिन नावाचे द्रव्य असते. कंदात आणि बियांत सर्वात जास्त. हे द्रव्य शरीरातल्या पेशींचे विभाजन थांबवते. ज्या पेशी सतत नव्या होत असतात, म्हणजे आतड्याचे अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळे, त्यांना पहिला फटका बसतो. कंद पोटात गेल्यावर लगेच काही होत नाही. दोन-चार तास जातात, कधी त्याहून जास्त. मग घशात-पोटात आग, उलट्या आणि पटकीसारखे जुलाब सुरू होतात. घरचे लोक समजतात की बाहेरचे काही खाल्ले, पोट बिघडले, आणि मीठ-साखरेचे पाणी देऊन वाट पाहतात. खरा धोका त्यानंतरच्या दिवसांत असतो. मूत्रपिंड, यकृत, हृदय, रक्त यांच्यावर एकामागून एक घाला येतो. जे वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनी झडतात. यावर सहज मिळेल असा खास उतारा नाही, जितके लवकर रुग्णालय गाठाल तितकी आशा जास्त. म्हणून शंका आली तरी थांबू नये. १०८ला फोन करावा. प्रभादेवीकरांना परळचे केईएम जवळ आहे. वेलीचा तुकडा, कंद किंवा बी जे सापडेल ते पिशवीत घालून बरोबर न्यावे, डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

असे अपघात कसे होतात? श्रीलंकेत ही वेल रानोमाळ उगवते, तिथे रताळे किंवा कणगर समजून कंद शिजवून खाल्ल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या आहेत. शिजवल्याने विष जात नाही. शहरातल्या घरात भीती आहे ती बियांची. फळ सुकून फुटले की आत लाल-केशरी मणी ओळीने बसलेले दिसतात. तीन वर्षांच्या मुलाला ते तोंडात घालावेसे वाटणार नाहीत तर काय!

आता याच विषाची दुसरी बाजू, आणि ती आपल्या घरांना जास्त ओळखीची आहे. गुडघे धरले, बोटांचे सांधे सुजले की हकीमसाहेब माजून सूरंजान किंवा हब्बे सूरंजान देत. मोहम्मद अली रोडकडच्या युनानी दुकानांत या बरण्या आजही दिसतात. हे सूरंजानही कंदाचेच, काश्मीर-इराणकडच्या केशरासारख्या दिसणाऱ्या एका फुलझाडाच्या कंदाचे. इब्न सीना यांनी हजार वर्षांपूर्वी सांधेदुखीसाठी सूरंजान सांगितले होते. त्यातही हकीम दोन जाती वेगळ्या ठेवत: गोड ते शीरीं, पोटात देण्यासाठी, आणि कडू ते तल्ख, फक्त वरून लावण्यासाठी. विषारी वस्तू हाताळताना कसली शिस्त लागते, याचे हे जुने उदाहरण आहे. १८२०मध्ये पेल्लेतिए आणि काव्हांतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी सूरंजानाच्या युरोपी भावंडातून कोल्चिसिन वेगळे काढले, आणि पुढे कळले की आपली कळलावी त्याच कुळातली आहे व तिच्यातही तेच द्रव्य आहे. संधिवाताचा एक तीव्र प्रकार, ज्याला डॉक्टर गाऊट म्हणतात, त्यावर आजही याच कोल्चिसिनची गोळी देतात. ती गोळी असते अर्ध्या मिलिग्रॅमची, आणि तीही मूत्रपिंडाची तपासणी पाहून, बरोबरची इतर औषधे विचारून. एका जून कंदात अशा कित्येक गोळ्यांचा ऐवज असतो. घरी खलबत्त्यात औषध का करू नये, याचे उत्तर एवढ्यात आले.

औषधासाठी मागणी आली की रानावर हात पडतोच. तमिळनाडूत दिंडुक्कल, धारापुरम या भागांत कळलावीची रीतसर शेती होते. पहाटे शेतकरी आपल्या हातांनी एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावतात, म्हणजे बी भरपूर धरते, आणि ते बी परदेशी औषध कारखान्यांना जाते. तिथे तिचे नाव सेंगांदळ, आणि ती त्या राज्याचे राज्यफूल आहे. झिंबाब्वेचेही हेच राष्ट्रीय फूल. १९४७मध्ये राजकन्या एलिझाबेथ आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेली तेव्हा दक्षिण ऱ्होडेशियातल्या मुलांनी तिला या फुलाच्या आकाराची हिऱ्यांची पिन भेट दिली होती. ज्याला आपण दारात उभे करत नाही त्याचा इतरत्र असा मान! पण शेती सुरू करायला लागणारे कंद बराच काळ रानातूनच खणून आणले गेले, ही त्या शेतीची न दिसणारी बाजू.

कळलावीची एक लांबची बहीण थंड प्रदेशात राहते, तिची हकिगत ऐकली की हे नीट समजते. तिचे नाव ट्रिलियम. सगळे तिनाच्या हिशोबात: तीन पाने, तीन हिरवी दले, तीन पाकळ्या. अमेरिका-कॅनडाच्या जंगलांत वसंतात जमीन तिने पांढरी होते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांताने १९३७मध्ये पांढऱ्या ट्रिलियमला आपले प्रांतफूल केले. बी रुजून पहिले फूल यायला सात वर्षे किंवा जास्त लागतात. बीवरच्या चिकट खाऊसाठी मुंग्या ते वाहून नेतात, तेवढाच तिचा प्रसार. बागांसाठी मागणी वाढली तेव्हा सात वर्षे वाट पाहणार कोण? रोपवाल्यांनी जंगलातली झाडे खणून विकली, आणि त्यातली बरीच नव्या बागेत जगलीच नाहीत. आपल्या हिमालयात तिचीच एक जात आहे, हिमाचलात तिला नागछत्री म्हणतात. औषधी मुळांसाठी ती इतकी खणली गेली, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत आज ती धोक्यात आलेल्या वनस्पतींमध्ये आहे.

कळलावीची तशी अवस्था अजून झालेली नाही. कोकणच्या कुंपणांवर, घाटाच्या कडेला, आपल्या बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही ती जुलै-ऑगस्टमध्ये फुललेली भेटते. पण तिचा एक स्वभाव समजून घ्यायला हवा. तिचा जुना कंद दरवर्षी सुकून जातो आणि त्याच पावसाळ्यात वेल नवा कंद भरते. फूल तोडले तर फारसे बिघडत नाही. वेलच उपटली किंवा मुळापासून कापली, तर खालचा नवा कंद उपाशी राहतो आणि पुढच्या वर्षी त्या जागी काही उगवत नाही. रस्ते रुंद होताना कुंपणे जातात, त्यात हे. राष्ट्रीय उद्यानातून तर फूल, बी, कंद काहीही आणायचे नाही, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला मनाई आहे. ईदच्या सुट्टीत गावी गेलात आणि कुंपणावर वेल दिसली, तर फोटो काढावा, मुलांना लांबून दाखवावी आणि तिथेच ठेवावी.

मग घरात लावावी का? आमचे मत असे: घरात रांगते किंवा लहान मूल असेल तर नाही. दहा-बारा वर्षांपुढची समजती मुले असतील आणि खिडकीची जाळी उंचावर असेल तर खुशाल लावावी. कंद रोपवाटिकेतून घ्यावा आणि तो लागवडीचा आहे का हे विचारून घ्यावा. उत्तर देताना दुकानदार अडखळला तर दुसरे दुकान बघावे. कंदाच्या टोकाला एकच डोळा असतो, तो मोडला की कंद फुकट, म्हणून घेताना तो नीट पाहावा. मे संपता संपता दहा-बारा इंची कुंडीत लाल माती, थोडी वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून कंद दोन-तीन बोटे खोल आडवा ठेवावा. पाणी साचले की तो सडतो. वेलीला वेगळा मांडव लागत नाही. तिच्या पानांची टोकेच दोऱ्यासारखी वळतात आणि खिडकीची जाळी पकडतात. चाळीच्या गजांवर ती मोठ्या हौसेने चढते. समुद्राकडच्या खिडकीत मात्र खारा वारा कोवळे शेंडे करपवतो, तिथे आडोसा द्यावा लागेल. फूल हिरवट उमलते, मग पिवळे-लाल होते, शेवटी पूर्ण लाल. म्हणून एकाच वेलीवर तीन रंग एकदम दिसतात.

काम करताना हातमोजे घालावेत, चिकाने कातडी चुरचुरते. फळ धरू लागले की हिरवे असतानाच कापून टाकावे, म्हणजे लाल मण्यांचा प्रश्न उरत नाही. कंद कधीही स्वयंपाकघरात, आल्या-रताळ्यांच्या टोपलीजवळ ठेवू नये. आणखी एक गोष्ट आपल्याच घरांत लक्षात ठेवायची: सध्या बकरी ईद पावसाच्या तोंडावर येते आणि नेमके तेव्हाच कळलावीचे कोंब वर येत असतात. कुर्बानीचा बकरा इमारतीच्या आवारात बांधला असेल तर कुंड्या त्याच्या तोंडाला लागणार नाहीत इतक्या दूर हलवाव्यात. जनावरालाही हे विष तितकेच बाधते.

ऑक्टोबरच्या उन्हात वेल पिवळी पडते. ती मेली असे समजून कुंडी रिकामी करू नये, पाणी मात्र बंद करावे. राणीबागेच्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या पुष्पप्रदर्शनात तिला शोधू नका, तेव्हा ती मातीखाली झोपलेली असते. कोरडी कुंडी सावलीत सरकवून तिच्यावर ठळक अक्षरांत ‘विषारी कंद’ अशी चिठ्ठी चिकटवावी, कारण मधल्या सात महिन्यांत घरातली दुसरी व्यक्ती त्यात कोथिंबीर पेरण्याची शक्यता फार असते. कंद नकोसा झाला तर उघड्यावर फेकू नये, गावी असाल तर खोल खड्ड्यात पुरावा आणि मुंबईत असाल तर कागदात घट्ट बांधून, वर नाव लिहून, सफाई कर्मचाऱ्याला सांगून द्यावा.