‘अँटिबॅक्टेरियल’ टूथब्रशमुळे दातांची कीड थांबते का?

काही टूथब्रशच्या पाकिटावर ‘अँटिबॅक्टेरियल’ असे छापलेले असते. त्यांच्या ब्रिसल्सवर चांदीसारख्या जंतुनाशक पदार्थाचा लेप असतो. चांदीचे आयन जिवाणूंच्या पेशींना इजा करतात. ब्रशवर जंतू कमी वाढावेत, हा त्यामागचा हेतू. पण कीड लागते ती दाताला, ब्रशला नाही.

दातांवर साचणाऱ्या चिकट थरात स्ट्रेप्टोकोकस म्युटन्ससारखे जिवाणू राहतात. ते साखरेपासून आम्ल तयार करतात. पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की दाताच्या एनॅमलमधील खनिजे विरघळू लागतात. ब्रश दातांवरून फिरतो जेमतेम २ मिनिटे. तेवढ्यात त्याचा लेप या थरातले जंतू संपवू शकत नाही. थर निघतो घासण्याने, आणि गेलेली खनिजे परत बसायला मदत करते पेस्टमधील फ्लोराइड. भारतात टूथपेस्टमध्ये ते १,००० पीपीएमपर्यंत असू शकते.

त्यामुळे जास्त पैसे लेपासाठी मोजण्याआधी पेस्टच्या खोक्यावर फ्लोराइड आहे का ते पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी दात घासावेत, येताजाता गोड खाणे टाळावे. ब्रश साधाच असला तरी चालेल. वापरल्यावर तो धुऊन, झाकण न लावता उभा वाळू द्यावा आणि ३-४ महिन्यांनी बदलावा.