खानदेशातल्या घराण्याचा मूळपुरुष शोधताना

वंशावळ शोधणारे बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. खानदेशात 'पाटील', 'चौधरी', 'महाजन' ही मुळात मानाची किंवा कामाची पदे. ती अनेक जातींत आढळतात. म्हणून आधी कूळ, देवक आणि कुलदैवत विचारावे. श्रावणात कानबाई देवीच्या रोटाच्या प्रसादाला कोणकोणती घरे एकत्र येतात, यावरून भाऊबंदकीचा माग लागतो.

मग कागद. गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी 'कोतवाल बुक' नावाने ओळखल्या जातात. त्या तहसील कार्यालयात मागाव्यात. जमिनीच्या फेरफारात वारसांची नावे क्रमाने मिळतात. जुने कागद मोडी लिपीत असतात, तेव्हा वाचणारा जाणकार हवा. त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत येऊन गेलेल्या यजमानांची नावे पिढ्यान्‌पिढ्या नोंदलेली असतात. गाव आणि जात सांगितली की आपले उपाध्ये सापडतात.

जिल्ह्याचे नाव मात्र सांभाळा. 1906 पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता. मग पूर्व आणि पश्चिम खानदेश झाले. 1960 नंतर त्यांना जळगाव आणि धुळे म्हणू लागले. नंदुरबार 1998 मध्ये धुळ्यातून वेगळा झाला. पणजोबांचा कागद त्या काळच्या नावाखाली शोधावा.

आणि सर्वांत आधी घरातल्या सर्वांत वयस्कर आजीला विचारावे. सुनांची माहेरे कागदापेक्षा तिलाच जास्त ठाऊक असतात.