रात्रपाळीला कोण आहे?

1956 साली नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या जुन्या सचिवालयातून, तसेच ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतून अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. टी. टी. नगर व जवाहर चौक परिसरातील सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली त्यांची मुले-नातवंडे आज पुणे, बंगळूर, अमेरिका अशी पांगली आहेत. आईवडिलांसाठी एखादे चांगले निवासी देखभाल केंद्र सुचवा, असे त्यांचे दूरध्वनी मला वरचेवर येतात. खोली हवेशीर आहे का, वरण-भात मिळेल का, देवघर आहे का, हे सारे आस्थेने विचारले जाते. रात्री तेथे किती माणसे कामावर असतात, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

जवाहर चौकातील दवाखाना आटोपून दर गुरुवारी मी शहरातील अशा एका केंद्रात तपासणीस जातो. निवासी तीस, त्यांपैकी आठ अंथरुणाला खिळलेले. ‘दर दोन तासांनी कूस बदलावी’ हे वाक्य केसपेपरवर लिहायला काही क्षण पुरतात. आता थोडा हिशेब मांडू. रात्रीच्या आठ तासांत प्रत्येकाची कूस चार वेळा, म्हणजे आठ जणांची मिळून बत्तीस वेळा बदलावी लागेल. ओले कपडे पाहणे, पाठीवर हात फिरवून लाली तपासणे धरून दर खेपेस दहा मिनिटे लागतात. एकूण पाच तास वीस मिनिटे झाली, आणि तीही दोन माणसांची. कारण सत्तर किलोचा देह एकट्याने, चादरीवर न घासता, वळवता येत नाही. या मंडळींना पाणी, औषध, संडास हे वेगळेच. रात्रपाळीला एकच मुलगी असेल, तर सकाळी दिसणारा दाबव्रण तिच्या निष्काळजीपणाचा म्हणावा की हजेरीपटाचा?

दुसरा हिशेब संचालकांसाठी. आठवड्याचे तास 168. कामगाराने अठ्ठेचाळीस तास काम करावे असे मानले, तर एक जागा अहोरात्र भरलेली ठेवण्यास साडेतीन माणसे लागतात. रजा-आजारपण धरून चार. ‘आमच्याकडे चोवीस तास अटेंडंट आहे’ असे सांगणाऱ्याकडे त्या जागेवर दोनच नावे असतील, तर प्रत्येक जण आठवड्याला चौऱ्याऐंशी तास राबतो आहे. या मुली बहुधा बैतूल, छिंदवाड्याकडच्या. केंद्रातच राहतात, म्हणून त्यांची पाळी खऱ्या अर्थाने कधी संपतच नाही. पगार एजन्सीमार्फत, कंबरदुखी मात्र स्वतःची. (सौंसर-मुलताईकडची मुलगी मराठी बोलते, हा आमच्या वृद्धांचा मोठाच लाभ. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली हिंदी आधी विरते, आणि मग ‘पाणी’ कळते पण ‘प्यास लगी है क्या’ कळत नाही.)

आपला 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा जिल्ह्याला किमान एक, 150 निराधार वृद्ध सामावणारे वृद्धाश्रम असावे असे म्हणतो. खाटांचा आकडा कायद्यात आहे, हातांचा नाही. दर्जाचे निकष त्याने राज्यांवर सोपवले आहेत. अमेरिकेने 2024 मध्ये वृद्धशुश्रूषागृहांसाठी दर निवाशामागे दररोज 3.48 तास शुश्रूषेचा नियम केला, म्हणजे तीस निवाशांना आठ तासांच्या जवळजवळ तेरा पाळ्या. चालकांनी न्यायालय गाठले आणि एप्रिल 2025 मध्ये तो नियम तेथील न्यायालयाने रद्द ठरवला. श्रीमंत देशातही माणसांचा खर्च कोणाला नको असतो. कॅनडात कोविडच्या पहिल्या लाटेतील सुमारे 80 टक्के मृत्यू अशा दीर्घकालीन शुश्रूषेच्या निवासांतले होते. अपुऱ्या पगारामुळे कर्मचारी दोन-तीन ठिकाणी काम करीत आणि संसर्गही त्यांच्याबरोबर फिरे. ब्रिटिश कोलंबिया प्रांताने मार्च 2020 मध्ये एका कर्मचाऱ्यास एकच केंद्र हा आदेश काढला, आणि सोबत वेतनेही समान केली. माझ्या मते त्या आदेशाचे बळ या उत्तरार्धात होते.

चौकशी करणाऱ्या कुटुंबांना मी हल्ली एकच सुचवतो: शक्य तर रात्री दहानंतर जा आणि ड्यूटी चार्ट मागा. आमच्या केंद्रात गेल्या वर्षीपासून रात्रपाळीला दोन मुली असतात. त्यासाठी सर्वांचे मासिक शुल्क वाढले. दोन कुटुंबांनी, खर्च परवडत नाही म्हणून, आपली माणसे दुसरीकडे हलवली.