वाराबी : मुक्कामाचं गाव

टोकियोहून उत्तरेला जाणाऱ्या केइहिन-तोहोकू लोकलने अराकावा नदी ओलांडली, की सायतामा प्रांत लागतो. आधी कावागुची, मग निशी-कावागुची आणि त्यानंतर वाराबी. शेजारच्या रुळांवरून उत्सुनोमिया आणि ताकासाकी मार्गांच्या गाड्या या स्टेशनाला न जुमानता धडाडत निघून जातात. जलद गाडी न थांबणाऱ्या स्टेशनाची व्यथा मध्य रेल्वेच्या प्रवाशाला वेगळी सांगायला नको.

क्षेत्रफळाने वाराबी जपानमधलं सगळ्यात लहान शहर आहे. जागा 5.11 चौरस किलोमीटर, माणसं सुमारे 75 हजार. टोकियोचे 23 विशेष विभाग वगळले तर देशातल्या कुठल्याच शहरात इतकी दाटी नाही. सकाळी फलाट भरतो तो टोकियोकडे निघालेल्या चाकरमान्यांनी. रात्री झोपायला सगळे परत.

पण मुक्कामाला येणं ही या गावाची जुनीच सवय. एदो, म्हणजे जुनं टोकियो, ते क्योतो या नाकासेन्दो राजमार्गावर एदोहून निघालं की इताबाशीनंतरचा हा दुसरा टप्पा. तेव्हा अराकावावर पूल नव्हता. नदीला पूर आला की तोदा घाटावरची नाव बंद पडे आणि प्रवासी इथे अडकून राहत. नदीचा राग म्हणजे खानावळवाल्यांची दिवाळीच! 1861 मध्ये शोगुनशी लग्न करायला निघालेली राजकन्या काझुनोमिया याच रस्त्याने गेली. 1875 मध्ये तोदाला पूल झाला, 1893 मध्ये स्टेशन आलं आणि वाटसरूंचा धंदा हळूहळू विरला.

स्टेशनच्या पश्चिमेला पायी गेलं की तो जुना रस्ता सापडतो. वस्तीभोवतीच्या पाटावर घरामागून टाकलेले उचलते पूल असत. रात्री ते वर ओढून घ्यायचे. चोर आत येऊ नयेत म्हणून, आणि खानावळीत राबणाऱ्या बायका पळून जाऊ नयेत म्हणूनही, असं सांगतात. त्यातला एक छोटा पूल अजून जपलेला आहे. सजवलेल्या दर्शनी भागापेक्षा मला तोच या गावाचा खरा दस्तऐवज वाटतो. जवळच्या नगरपालिकेच्या इतिहास संग्रहालयात खानावळीचा देखावा उभा केलाय, प्रवेश फुकट. गाव विणकरांचंही होतं. इंग्लंडहून आलेल्या सुतावर इथे विणलेलं पट्टेरी ‘फुताको’ कापड नावाजलं गेलं. ऑगस्टमधली हातामात्सुरी, म्हणजे मागाची जत्रा, त्याच काळाची खूण.

देशाला मात्र वाराबी ठाऊक आहे ते वेगळ्या कारणाने. नोव्हेंबर 1946. युद्ध हरलेला, उपाशी देश. वाराबीच्या तरुण मंडळाने शाळेच्या मैदानात तंबू ठोकून युवक महोत्सव भरवला आणि त्यात विशीला पोचलेल्यांचा सत्कार केला. पुढे 1948 च्या कायद्याने 15 जानेवारी हा सज्ञान दिन राष्ट्रीय सुटी झाला. 2000 पासून तो जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी असतो. किमोनोतल्या मुलींचे फोटो दरवर्षी जगभर छापून येतात. ज्या गावातून हे सुरू झालं तिथल्या किल्ल्याच्या बागेत एक स्मारक आहे, बस्स. किल्ला तर केव्हाच नामशेष झालाय.

एवढ्याशा शहराने स्वतंत्र का राहावं, हा प्रश्न अर्थातच निघाला. कावागुची, हातोगाया आणि वाराबी यांचं एकत्रीकरण जवळपास ठरलं होतं. नव्या शहराला ‘बुनान’ नाव निवडलं गेलं, ते कावागुचीला रुचलं नाही आणि 2004 मध्ये सगळं फिसकटलं. हातोगाया 2011 मध्ये कावागुचीत विलीन झालं. वाराबी राहिलं.

दरम्यान मुक्कामाला नवे लोक आले. 1990 च्या दशकापासून तुर्कस्तानातले कुर्द वाराबी-कावागुचीत स्थिरावले आणि या भागाला ‘वाराबिस्तान’ असं टोपणनाव पडलं. बरेच जण घरं पाडण्याच्या कामावर आहेत. निर्वासित म्हणून मान्यता मात्र जवळजवळ कुणालाच मिळत नाही. अनेकांची मुलं इथेच जन्मून जपानी शाळांत शिकतात. अलीकडे कुर्दांविरुद्ध मोर्चेही निघतात. वसंतात ते नवरोझ हा नववर्षाचा सण साजरा करतात, आणि बरीच वर्षं त्यातल्या नाचाचं रिंगण वाराबीच्याच सार्वजनिक बागेत धरलं जात असे.